रात्री एकला एसी बंद, मीटरवर बॅटरी ४० टक्के

तक्रार बहुतेकांची एकाच साच्यातली असते. कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीत, रात्री अकराला एसी लावला, गाडी मस्त गार झाली, मुलं झोपली. एकच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडला आणि सगळं बंद. उठून बघावं तर मीटरवर बॅटरी अजून ४० टक्के. सकाळी मला फोन येतो, ‘बॅटरी कमी पडतेय, अजून एक जोडायची आहे. कितीची घेऊ?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी काहीच घेऊ नका, एक रात्र मोजमापात घाला.

मी गोव्यात डिचोलीला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकांवर हात बसला. २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या आणि हळूहळू दुसरी कामं येऊ लागली. त्यात ट्रॅव्हलर किंवा टेम्पोचा कॅम्पर करून किनाऱ्यावर राहायला येणारी कुटुंबं बरीच असतात. यांतल्या कितीतरी जणांनी माझ्याकडे येण्याआधी एक बॅटरी वाढवून पाहिलेली असते. दुखणं तिथल्या तिथेच असतं, फक्त एकऐवजी दीडला बंद पडतं. नव्या बॅटरीचे पैसे पाण्यात गेलेले बघवत नाहीत, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

उदाहरण घरचंच घेतो. माझी ताई कोल्हापूरला दिलेली आहे. भाऊजींनी निवृत्तीच्या पैशांतून जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचा कॅम्पर करून घेतला. आत पाऊण टनाचा विंडो एसी, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या (म्हणजे १०० अँपिअर तासभर पुरतील अशा) दोन लिथियम बॅटऱ्या पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशा जोडलेल्या, आणि १२ व्होल्टवरचा २ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर. एप्रिलच्या शेवटी आंबोली उतरून ते मांद्र्याला आले आणि ओळखीच्यांच्या भाटात, म्हणजे बागायतीत, माडांखाली गाडी लावली. तीन रात्री ओळीने एसी एकच्या आसपास बंद. आणखी एक गोष्ट भाऊजींनी सांगितली, ती फार कामाची होती. बंद पडल्यावर लगेच लावला तर चालतच नाही, पण अर्धा तास थांबून लावला तर सात-आठ मिनिटं चालतो आणि पुन्हा बसतो. चौथ्या दिवशी गाडी माझ्या शेडमध्ये होती.

‘अरे, विकणारा म्हणाला होता दोन बॅटऱ्या रग्गड झाल्या,’ भाऊजी म्हणाले. ‘आता म्हणतो तिसरी घ्या.’

‘भाऊजी, तिसरीचं नंतर बघू. आधी या दोघी समान काम करतात का ते पाहू या.’

इथे एक हत्यार लागतं. डीसी, म्हणजे बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा करंट मोजणारा, तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर. बाजारातले स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेचा उलटसुलट वाहणारा करंट मोजतात, बॅटरीच्या तारेला लावले की शून्य दाखवतात. घेताना डीसी अँपिअरची खूण बघून घ्या. आणि काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दोन टर्मिनलांमध्ये अंगठी किंवा पाना आडवा आला तर लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर ओतते. बोट भाजून निघेल.

एसी लावला, कॉम्प्रेसर चालू झाला, मिनिटभर थांबलो आणि एकेका बॅटरीच्या तारेला मीटर लावला. पहिलीतून ६८ अँपिअर जात होते. दुसरीतून १२. एकूण ८० बरोबर होते, कारण ९०० वॅटचा एसी आणि इन्व्हर्टरची घट धरली की १२.८ व्होल्टवर तेवढेच होतात. पण वाटणी बघा. एक बॅटरी मरमर मरतेय आणि दुसरी नुसती शेजारी बसलीय.

मग मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवून, एसी चालू असतानाच, प्रत्येक सांध्यावर एक टोक इकडे एक टोक तिकडे असं टेकवत गेलो. चांगल्या सांध्यावर १०० अँपिअर वाहत असताना ५० मिलीव्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. दुसऱ्या बॅटरीच्या निगेटिव्ह लगवर, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या तांब्याच्या कडीवर, आकडा आला ४२०. तेही फक्त १२ अँपिअरला! बोट लावलं तर तो लग कोमट होता, बाकी सगळे थंड.

खोलून बघितलं. बाहेरून काळी हीट-श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) छान बसवलेली, वरून काही शंका येऊ नये अशी. ती चिरली तर आत तांब्याचे धागे काळे-हिरवे, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसे कळकलेले. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला नव्हता, हातोडीने चेपलेला होता, त्यामुळे आत पोकळी राहिली आणि खारी हवा शिरली. वर लग आणि टर्मिनल यांच्या मध्येच स्टीलचा वॉशर घातलेला. वॉशर नेहमी लगच्या वर, नटाखाली. तांब्याचा लग थेट टर्मिनलवर टेकला पाहिजे, कारण स्टेनलेस स्टीलमधून करंट नीट जात नाही. एवढ्याशा चुकीने अख्खी बॅटरी बिनकामाची झाली होती.

आता एकच्या ठोक्याचा उलगडा होतो. एसीचा कॉम्प्रेसर मधून मधून थांबतो, त्यामुळे सरासरी ६४-६५ अँपिअर जात होते. त्यातले ५४-५५ एकट्या पहिलीतून. १०० अँपिअर-अवरची बॅटरी या वेगाने पावणेदोन-दोन तासांत संपते. तिच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे सेलची राखण करणाऱ्या सर्किटने, एखादा सेल २.५ व्होल्टला टेकताच तिला तोडलं. सगळे ८० अँपिअर दुसरीवर आले, तिच्या वाटेत तो कळकलेला लग, तिथे तीन व्होल्टच्या आसपास घट, आणि इन्व्हर्टरला मिळाले १० व्होल्टहून कमी. त्याने हात वर केले. मीटर मात्र दोघींचं एकत्र गणित करून ४० टक्के दाखवत राहिला, आणि ते खोटंही नव्हतं. उरलेली वीज दुसरीत पडून होती.

अर्ध्या तासाने सात-आठ मिनिटं का चालायचा? त्या अर्ध्या तासात दुसरी बॅटरी त्याच खराब लगमधून पहिलीत थोडी थोडी वीज सोडत होती. तेवढी साठली की तेवढीच खर्च व्हायची. तुमच्याकडेही ‘थांबून लावला की थोडा वेळ चालतो’ असं होत असेल तर आधी पॅरलल जोडणीवर संशय घ्या.

लग बदलले, टिनचा मुलामा असलेली तांब्याची तार टाकली, आणि पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून तर निगेटिव्ह दुसरीवरून, असं तिरकं घेतलं. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर त्या बॅटरीची वाट आखूड पडते आणि तीच जास्त राबते. तीन-चार बॅटऱ्या असतील तर हा फरक आणखी वाढतो. पुन्हा मोजलं : ४१ आणि ३९.

त्या रात्री एसी तीन तासांना थोडा कमी चालला. भाऊजी हिरमुसले. ‘म्हणजे दोनला बंद पडणार. एवढं करून काय मिळवलं?’

त्यांचं म्हणणं खरं होतं. दुखणी दोन होती, आणि पहिलं काढल्याशिवाय दुसरं दिसणार नव्हतं. दोन्ही बॅटऱ्या मिळून अडीच युनिट वीज. घरच्या बिलात असतं तेच युनिट, एक किलोवॅट एक तास. ९०० वॅटचा एसी रात्रभरात कॉम्प्रेसर थांबण्याचा वेळ वजा करूनही तासाला पाऊण युनिटाला टेकतो, वर इन्व्हर्टरची घट. आठ तासांची रात्र साडेसहा युनिटांच्या घरात गेली. अडीच युनिटांत ती कशी निघणार?

पण बॅटरी वाढवण्याआधी मी ताईला एक काम सांगितलं. एसीच्या पाण्याच्या नळीखाली लिटरची रिकामी बाटली धर आणि किती वेळात भरते ते लिहून ठेव.

‘पाणी मोजून काय कळणार रे?’

‘तू मोज तर खरं.’

पन्नास मिनिटांत बाटली भरली. गोव्यात एसीचं बरंचसं काम हवा थंड करण्याचं नसतंच, हवेतली वाफ पाणी करून बाहेर टाकण्याचं असतं. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे ०.६८ युनिट एवढी थंडाई खर्च होते, आणि पाऊण टनाच्या साध्या विंडो एसीला त्यासाठी पाव युनिटाच्या आसपास वीज लागते. म्हणजे तासाला एसी जी वीज ओढत होता, त्यातली रुपयामागे पस्तीस-चाळीस पैसे नुसती पाण्यावर चालली होती. सोलापूर-पुण्याच्या कोरड्या हवेत केलेला हिशेब इथे मांद्र्याला का चुकतो, ते याच बाटलीत दिसतं.

बंद गाडीत एवढी वाफ येते कुठून? छपरावरच्या पंख्याची झडप बोटभर उघडी होती. मागच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात बसलेलं. बेसिनचं पाणी जायचं भोक थेट बाहेर उघडं, त्यातून रात्रभर दमट वारा आत. आणि सगळ्यात मोठं कारण ताईच्या डोक्यावर टांगलेलं होतं. समुद्रावरून आल्यावरचे चार ओले टॉवेल आणि मुलांचे कपडे एसीच्या वाऱ्यात वाळत घातलेले. टॉवेलातलं पाणी आधी हवेत जाणार, मग एसी ते हवेतून ओढून बाटलीत टाकणार, आणि त्याचं बिल बॅटरी भरणार. टॉवेल बाहेर दोरीवर गेले, झडप बंद झाली, रबर बदललं, बेसिनच्या नळीला पाणी अडवणारा बाक दिला, काचांना बाहेरून चंदेरी पडदे लावले. पुढच्या रात्री बाटली भरायला सव्वादोन तास लागले, आणि त्याच बॅटऱ्यांवर एसी चार तास चालला. एक रुपयाची बॅटरी न घेता तासाभराहून जास्त मिळाला.

आतमध्ये चहा-भात शिजवणंही त्यातच आलं. गॅस जळताना वाफ सोडतो. रात्रीचा स्वयंपाक शक्यतो बाहेर करा, नाहीतर एसी लावण्याआधी अर्धा तास झडप उघडी ठेवून करा.

एसी मधेच बंद पडण्याची बाकीची कारणं लक्षणांवरून ओळखता येतात. माझ्या शेडमध्ये पुन्हा पुन्हा येणारी सांगतो.

कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणालाच इन्व्हर्टर बसतो, पंखा मात्र चालत राहतो, असं होत असेल तर तो सुरुवातीचा झटका आहे. साधा, म्हणजे एका वेगाचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालत्या करंटच्या चार ते सहा पट ओढतो, सेकंदाच्या काही भागापुरता. ८० अँपिअरच्या चौपट ३२० झाले. १६ स्क्वेअर एमएमची तार तीन मीटर जाऊन तीन मीटर परत येत असेल, तर त्या क्षणी एकट्या तारेत २.१ व्होल्ट गळतात. बॅटरीवर १३ व्होल्ट आहेत आणि इन्व्हर्टरपाशी अकरासुद्धा नाहीत. तीच तार ५० स्क्वेअर एमएमची केली तर घट ०.७ व्होल्टच्या आत येते. कधी कधी नुसता इन्व्हर्टर बॅटरीजवळ सरकवून, तार मीटरभर करून काम झालंय. कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर (झटका कमी करून हळू सुरू करणारं उपकरण) लावणं हाही इलाज आहे.

एसी एक-दोन मिनिटं व्यवस्थित चालतो आणि मग एकदम सगळंच, दिवेसुद्धा, जातं. हे बीएमएसने जास्त करंटमुळे तोडलं. १०० अँपिअर-अवरच्या एकाच बॅटरीवर एक टनाचा एसी चालवणाऱ्यांच्यात हे हमखास दिसतं. १२०० वॅट, इन्व्हर्टरची घट, फ्रिज, पंखा मिळून ११० अँपिअर होतात आणि बीएमएस १०० चा. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी तोडणारच.

टर्मिनलवर मल्टिमीटर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दाखवतो, चार्जरही बॅटरीला ओळखत नाही, आणि मालक ‘बॅटरी मेली’ म्हणून हादरलेला असतो. बहुतेक वेळा ती मेलेली नसते, बीएमएस झोपलेला असतो. लिथियम जागं करण्याची सोय असलेल्या चार्जरने, किंवा तशीच दुसरी भरलेली बॅटरी योग्य रेझिस्टरमधून (करंट आवरून धरणाऱ्या भागातून) काही मिनिटं जोडून ती उठते. पण सेल बराच काळ २ व्होल्टच्याही खाली राहिले असतील, किंवा बॅटरी फुगली असेल, तर जागं करायच्या फंदात पडू नका.

इन्व्हर्टरची तार जोडताना ठिणगी पडून बॅटरी बंद होते, हीही फोनवर येणारी तक्रार. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारे भाग, रिकामे असतात, ते एका दमात करंट ओढतात, आणि बीएमएसला वाटतं शॉर्ट झालं. २५ ते ५० ओहमचा रेझिस्टर मध्ये धरून काही सेकंद कपॅसिटर भरू द्या, मग तार घट्ट करा.

आणि दुपारी सोलर असूनही बॅटरी भरत नाही, संध्याकाळी आपोआप भरायला लागते? पलंगाखालच्या बंद पेटीत हात घालून बघा. उन्हात काचा लावून उभ्या गाडीत पारा सहज ५० च्या वर जातो, आणि बऱ्याच बॅटऱ्या ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान चार्जिंग घेणं थांबवतात. पेटीला जाळी द्या, छोटा पंखा लावा, सावलीत गाडी लावा.

आता बॅटरी घ्यायचीच असेल, तर लोक पहिला आकडा विचारतात अँपिअर-अवरचा. मी तो शेवटी विचारतो.

पहिला प्रश्न एसीचा. साधा विंडो एसी असेल आणि रोज रात्र काढायची असेल, तर बॅटरीवर खर्च करण्याआधी इन्व्हर्टर एसी घ्या. या नावाने घोटाळा होतो म्हणून सांगतो, इन्व्हर्टर एसी म्हणजे इन्व्हर्टरवर चालणारा एसी नव्हे. त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करतो. तो हळूच सुरू होतो, झटका देत नाही, आणि गाडी एकदा गार झाली की तीनशे-चारशे वॅटवर गुणगुणत राहतो. बॅटरीला असा सवंगडी हवा.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा, आणि माझं मत इथे ठाम आहे. रात्रभर एसी चालवायचा तर १२ व्होल्टचा हट्ट सोडा. १००० वॅटला १२.८ व्होल्टवर घटीसकट ८५-९० अँपिअर लागतात, २५.६ वर निम्मे, ५१.२ वर (बाजारात यालाच ४८ व्होल्ट म्हणतात) बावीसेक. करंट निम्मा झाला की तारेतली आणि सांध्यातली उष्णता पावपट होते. गोव्यासारख्या खाऱ्या हवेत सांधे कळकणारच आहेत, ते जितक्या कमी करंटवर कळकतील तितकं बरं. मघाशी सांगितलेला ३२० अँपिअरचा झटका ४८ व्होल्टच्या बँकेवर ८० चा होतो, आणि त्याच १६ एमएमच्या तारेत अर्ध्या व्होल्टची घट येते, तीही बावन्नातून. ट्रकांच्या २४ व्होल्टच्या वायरिंगवर इतकी वर्षं काढल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. १२ व्होल्टचे दिवे, पंप, फ्रिज यांच्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लावावा लागतो, एवढाच काय तो त्रास.

मात्र घरात पडलेल्या चार १२ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या सीरीजमध्ये, म्हणजे एकीच्या प्लसला दुसरीचा मायनस असं जोडून, ४८ करायच्या आधी बनवणाऱ्याचं पत्रक वाचा. बऱ्याच बीएमएसमधले मॉस्फेट, म्हणजे करंट तोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तेवढं व्होल्टेज सोसत नाहीत, तोडायच्या क्षणी स्वतःच जळतात. पत्रकात चालेल म्हटलं असेल तरी चारही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून घ्या आणि मध्ये चौघींचं व्होल्टेज समान ठेवणारा बॅलन्सर घाला. एकाच खोक्यात सोळा सेल आणि एक बीएमएस असलेली ५१.२ व्होल्टची बॅटरी मिळत असेल तर तीच बरी.

तिसरा आकडा बीएमएसचा सततचा डिस्चार्ज करंट. सततचा म्हणजे तासन् तास देता येईल तो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो काही सेकंदांचा असतो. तुमच्या सगळ्या लोडच्या दीडपट तरी तो हवा. बॅटऱ्या पॅरलल असतील तर एक बाद झाली असं धरून उरलेल्यांना लोड झेपतो का ते पाहा.

मग अँपिअर-अवर. भाऊजींचं गणित असं मांडलं : चांगल्या बंद केलेल्या गाडीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी २६ अंशांवर, बॅटरीकडून सरासरी साडेचारशे ते पाचशे वॅट, आठ तास, म्हणजे चार युनिट. बॅटरी रोज शेवटपर्यंत न पिळता पंधरा-वीस टक्के राखायची. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर म्हणजे पाच युनिटांहून थोडं जास्त. बसतं. २ केव्हीएऐवजी मोठा ५ केव्हीएचा इन्व्हर्टर घ्यायचा मोह त्यांना झाला होता. रिकामा चालू असतानाही इन्व्हर्टर वीज खातो, आणि मोठा जास्त खातो. ५० वॅट म्हटले तरी रात्रीत ०.४ युनिट, म्हणजे जवळजवळ तासाभराचा एसी. ३ केव्हीए पुरला.

खरेदीच्या वेळी वजन करा. १०० अँपिअर-अवरची १२.८ व्होल्टची चांगली बॅटरी ११ ते १३ किलोच्या घरात असते. सात किलोची मिळाली तर आत १०० नाही. वापरलेले सेल नवीन खोक्यात घालून विकण्याचे प्रकार होतात, ते वजनात सापडत नाहीत, म्हणून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एक परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टरवर ५०० वॅटचा स्थिर लोड लावा, घड्याळ बघा. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी सव्वादोन तासांच्या आसपास चालली पाहिजे. दीड तासात बसली तर वॉरंटीच्या मुदतीत परत करा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, शक्य तितक्या जवळ, टी क्लासचा फ्यूज टाका. लिथियमचा शॉर्ट करंट एवढा असतो की साधा फ्यूज वितळला तरी आत ठिणगीची कमान धरून राहतो. घरातल्या एसी करंटसाठीचा एमसीबी तर डीसीवर कधीही वापरू नका.

भरण्याबद्दल थोडक्यात. चार्जर ट्युब्युलर (लेड-अॅसिड) बॅटरीच्या सेटिंगवर राहिलेला असेल तर तो मधून मधून १५ व्होल्टच्या वर जातो आणि बीएमएस तोडतो. लिथियम फॉस्फेटला, म्हणजे आपल्या याच बॅटऱ्यांना, १२.८ च्या बॅटरीसाठी १४.२ ते १४.४ आणि फ्लोट, म्हणजे भरून झाल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, १३.५, सोळा सेलच्या बँकेला त्याच्या चौपट. तेवढं व्होल्टेज कधीच गाठलं नाही तर उलटा त्रास होतो. सेल समान करण्याचं काम बीएमएस फक्त शेवटच्या टप्प्यात करतो, तो टप्पा आलाच नाही तर एक सेल हळूहळू मागे पडतो आणि रात्री तोच सगळ्यांना घेऊन बुडतो. मीटरचा टक्क्यांचा आकडाही पूर्ण चार्ज झाल्यावरच जुळतो. महिन्यातून दोनदा तरी बॅटरी काठोकाठ भरू द्या. आणि व्होल्टेजवरून टक्के दाखवणाऱ्या मीटरवर विसंबू नका. या बॅटरीचं व्होल्टेज ८० टक्क्यांपासून ३० पर्यंत जेमतेम हलतं. आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहणारा शंटवाला मीटर हवा.

अल्टरनेटरची तार थेट लिथियमला जोडू नका. ती बॅटरी मिळेल तेवढं ओढते, आणि घाटात कमी वेगाने चढताना अल्टरनेटरला वारा लागत नाही, तो जळतो. मध्ये डीसी टू डीसी चार्जर लागतो. भाऊजींच्या गाडीत १२ वरून ४८ करणारा ८०० वॅटचा लावलाय, कोल्हापुराहून मांद्र्याला पोचेपर्यंत साडेतीन युनिट सहज पडतात. छपरावर १००० वॅटची पॅनेल असतील तर एप्रिलच्या उन्हात दिवसाला चार युनिट मिळतात, एका रात्रीपुरती. जुलैत निम्मी मिळाली तरी खूप, तेव्हा पावसात फक्त सोलरच्या भरवशावर एसीची रात्र मांडू नका, कुणाच्या तरी घरची प्लग पॉइंटची तार लागेलच.

यंदा मे महिन्यात ताई-भाऊजी पुन्हा त्याच भाटात येऊन राहिले. सकाळी सातला भाऊजींनी मीटरचा फोटो पाठवला. रात्री अकरापासून ३.७ युनिट खर्च, बॅटरी २८ टक्के, एसी अजून चालू. खाली ताईने लिहिलं होतं, टॉवेल बाहेर आहेत.

परतताना गाडी शेडमध्ये आणून मी सगळे सांधे लोड देऊन मोजले आणि आकडे पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवले. सगळ्यात वाईट सांधा ११ मिलीव्होल्टचा आहे. चतुर्थीला ते येतील तेव्हा पाऊस सोसून झालेला असेल. त्याच जागी, तेवढ्याच लोडवर पुन्हा मोजणार, आणि कुठला आकडा दुप्पट झालेला दिसला तर तो लग त्याच दिवशी कापून नवीन लावणार.